पल्ला वाढला, आता भाता भरा

ओडिशातील चांदीपूर येथून २९ डिसेंबर २०२५ रोजी ‘पिनाक’चे दीर्घ पल्ल्याचे मार्गदर्शित रॉकेट प्रथमच झेपावले आणि १२० किलोमीटर अंतर कापून गेले. त्याहून महत्त्वाचे असे, की ते लष्कराच्या वापरातील प्रक्षेपकावरूनच डागण्यात आले. पल्ला वाढविण्यासाठी नवी वाहने लागणार नसतील, तर आधुनिकीकरणाचा पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

सोव्हिएत बनावटीच्या ‘ग्रॅड’चा पल्ला सुमारे २० किलोमीटर. त्याहून लांब मारा करणाऱ्या पिनाकचे काम पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात सुरू झाले. बारा रॉकेटे ४४ सेकंदांत डागून हा प्रक्षेपक प्रतिहल्ल्यापूर्वी जागा सोडतो. १९९९ च्या कारगिल युद्धात तो वापरला गेला. तेव्हाची रॉकेटे मात्र सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत जाऊन विस्तृत क्षेत्रावर बरसणारी होती. नेमका वेध घेणाऱ्या मार्गदर्शित पिनाकच्या चाचण्या पूर्ण व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडले. कारगिलनंतर पंचवीस वर्षे! दरम्यान पाकिस्तानने १४० किलोमीटर पल्ल्याचे ‘फतह-१’ विकसित केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतंत्र रॉकेट दलाची घोषणाही केली.

तथापि, केवळ पल्ला युद्ध जिंकून देत नाही. शंभर किलोमीटरपलीकडचे लक्ष्य आघाडीवरच्या निरीक्षकाला दिसत नाही. ड्रोन व उपग्रहांनी टिपलेली माहिती काही मिनिटांत प्रक्षेपकापर्यंत पोहोचली नाही, तर हलते लक्ष्य निसटते आणि महागडे रॉकेट मोकळ्या जमिनीवर पडते. तोफखान्याच्या ‘शक्ती’ या नियंत्रण प्रणालीची सुधारणा म्हणूनच रॉकेटाइतकीच निकडीची आहे.

दुसरा प्रश्न साठ्याचा. दारूगोळा बनतो त्याहून वेगाने संपतो, हा युक्रेनचा धडा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज आणि पुण्याची म्युनिशन्स इंडिया यांच्याशी पिनाकच्या दारूगोळ्यासाठी सुमारे १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यात सुधारित व क्षेत्रबंदीची रॉकेटे आहेत. १२० किलोमीटरची नाहीत. त्यांच्या गरजेला संरक्षण संपादन परिषदेने चाचणीच्याच दिवशी मान्यता दिली. परंतु अशी मान्यता म्हणजे खरेदी नव्हे. मान्यता ते करार हा प्रवास आपल्याकडे अनेकदा वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि पक्की मागणी हाती नसताना कोणताही कारखाना उत्पादनक्षमता वाढवीत नाही.

सरकारने म्हणूनच अनेक वर्षांची खात्रीची मागणी आताच नोंदवावी. शिवधनुष्याचे नाव धारण करणाऱ्या अस्त्राचा भाता ऐन युद्धात रिकामा राहिला, तर चाचणीतील यशाला अर्थ उरणार नाही.