यवतमाळहून क्वांट फायनान्सला जायचंय?

ब्रिटन म्हटलं की पोरं आधी क्रमवारी उघडतात. मी म्हणेन, कोर्स कुठल्या विभागाचा आहे ते बघा. इम्पीरियलचा ‘मॅथेमॅटिक्स अँड फायनान्स’ गणित विभागात चालतो, तर यूसीएलचा ‘कॉम्प्युटेशनल फायनान्स’ कॉम्प्युटर सायन्सकडे. म्हणून बीएस्सी गणितवाल्याने इम्पीरियल, ऑक्सफर्डकडे बघावं. कोडिंगवर हात बसलेल्या इंजिनिअरने यूसीएलकडे. ऑक्सफर्डचा कोर्स जेमतेम १० महिन्यांचा आहे. प्रॉबेबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, पायथन इथूनच पक्कं करून जा, तिथे श्वास घ्यायला वेळ नाही.

एलएसईचं नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक. बाबासाहेबांनी रुपयावरच्या प्रबंधासाठी १९२३ मध्ये तिथूनच डी.एस्सी. मिळवली. आज तिथे ‘फायनान्शियल मॅथेमॅटिक्स’ आहे, तोही गणित विभागाचाच.

पैशाचं काय? अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा ७५. तिथे मात्र विद्यापीठाची क्यूएस क्रमवारी लागतेच! अर्ज, एसओपी अडलं तर यवतमाळातूनच उभी राहिलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करते.

आणि हो, १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज केला, तर मास्टर्सनंतर तिथे राहून काम करायला दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार. कर्जाचा हप्ता त्या हिशेबाने मांडा.