तुषार संच : मोटारीआधी तोटी तपासा

वणी परिसरातील भारी काळ्या जमिनीत रब्बी हरभऱ्याला तुषार संचाने ओलित करणारे शेतकरी बरेच आहेत. या पिकाला पाणी थोडे, पण सारखे लागते. जास्त झाले तर झाड पिवळे पडून उभळते, कमी पडले तर घाटे पोचट राहतात. एकाच वावरात हे दोन्ही प्रकार दिसले, तर संशय रोगाआधी संचावर घ्यावा.

निर्गुडा काठच्या एका वावरात मागील हिवाळ्यात असेच दिसले. हरभऱ्यात पिवळी कडी उठली होती आणि कड्यांच्या आत झाडे माना टाकून उभी होती. मर रोग समजून बुरशीनाशकावर खर्च झालेला. "सर, मोटारच थकली, आता साडेसात हॉर्सपॉवरची घेतो," असे ते गृहस्थ म्हणाले. शेवटच्या तोटीजवळ दाबमापक लावला, तर काटा दीड किलोवर. हवा होता अडीच.

तुषार संचाचे सारे काम दाबावर चालते. दाबाने बाहेर पडणारी धार हातोडीवर आदळते, स्प्रिंग हातोडीला परत आणते आणि त्या ठोक्याने तोटी थोडी थोडी फिरते. ही हातोडीची तोटी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑर्टन एंगलहार्ट या लिंबूवर्गीय फळांच्या बागायतदाराने काढली. मूळ रचना आजही तीच आहे. दाब योग्य असला की धार फुटून बारीक थेंब जवळ-लांब सारखे पडतात. दाब कमी झाला की धार फुटत नाही. मोठे थेंब तोटीपासून ठरावीक अंतरावर कड्यासारखे पडतात, मधला भाग कोरडा राहतो आणि काळ्या मातीवर पापडी धरते. दाब फार वाढला तर पाण्याचे धुके होऊन वारा ते शेजाऱ्याच्या वावरात नेतो.

मग दाब गेला कुठे? नदीवरून उपसा असेल तर पाण्याबरोबर बारीक रेती येते आणि ती पितळी छिद्र झिजवते. ४.४ मि.मी. चे छिद्र ४.८ झाले, तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण तेवढ्याच दाबाला त्यातून सुमारे १९ टक्के पाणी जास्त जाते. सगळ्याच तोट्या झिजल्या की पंप तेवढे पाणी पुरवू शकत नाही आणि दाब खाली येतो. या गृहस्थांनी वर दोन तोट्या वाढवल्याही होत्या. जास्त तोट्या म्हणजे जास्त ओलित, हा हिशेब संचाला लागू पडत नाही.

तपासणी सोपी आहे. तोटीवर छिद्राचे माप असते. त्या मापाच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा छिद्रात घालून पहावा. तो सैल हलला तर तोटी बदलावी. दुसरा उपाय बादलीचा. संच चालू असताना तोटीच्या दोन्ही छिद्रांवर रबरी नळीचे तुकडे बसवून पाणी बादलीत घ्यावे. ४.४ व ३.२ मि.मी. छिद्रांची तोटी अडीच किलो दाबाला १५ लिटरची बादली सुमारे ३० सेकंदांत भरते. एकाच नळीवरच्या पहिल्या व शेवटच्या तोटीच्या दाबात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

पाणी किती पडते हेही मोजावे. चार तोट्यांमधील १२ मीटर चौकोनात तीन-तीन मीटरवर सरळ काठाचे सोळा सारखे डबे ठेवावेत. एक तास संच चालवावा, मग नळी पुढच्या जागी नेऊन तेच डबे तिथेच ठेवून पुन्हा एक तास. सर्वात कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी एकूण सरासरीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी आली, तर वाटप बिघडले समजावे. वर सांगितलेली तोटी १२ बाय १२ मीटर अंतरावर तासाला सुमारे १२ मि.मी. पाणी देते. म्हणजे तीन तासांत ३६ मि.मी. हरभऱ्याच्या एका हलक्या ओलिताला तेवढे पुरे. रात्रीची वीज आली म्हणून संच एकाच जागी सोडून झोपी जाऊ नये. काळी जमीन भेगा मिटल्यावर पाणी फार हळू पिते, बाकीचे सखल भागात साचते आणि उभळ तिथूनच सुरू होते.

त्या वावरातील दहा तोट्यांपैकी सहा बदलल्या, वाढवलेल्या दोन काढल्या, सुटत्या जोडांतील रबर रिंगा नव्या घातल्या. दाब अडीचच्या जवळ आला. मोटार जुनीच राहिली. जे झाड आधीच उभळले होते ते मात्र परत आले नाही.

छिद्र तुंबले तर लोखंडी तार घालू नये, पितळ खरवडते; बाभळीचा काटा चांगला. तोटी फिरत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस लावणारे पुष्कळ भेटतात. त्याने रेती चिकटते व वॉशर फुगतो. या तोटीचे वंगण पाणीच आहे, ती धुवून स्प्रिंग तेवढी पहावी. फिरण्याचा वेग मिनिटाला साधारण एक फेरी असावा. पाणी सोडताना शेवटचे टोपण काढून नळ्यांतील गाळ आधी वाहू द्यावा.

हंगाम संपला की रबर रिंगा काढून धुवाव्यात व सावलीत ठेवाव्यात. नळ्या आडव्या, उंचावर रचून त्यांची तोंडे बांधावीत, नाहीतर उंदीर घर करतात. पितळी भाग खताच्या पोत्यांजवळ ठेवू नयेत.