चार किलोचं मांजर, सोळा किलोंचं भाडं

नोकरीसाठी आखातात गेलेलं नागपूरचं कुणीतरी तिथल्या पार्किंगमध्ये सापडलेलं जखमी मांजर घरी आणतं, बरं करतं. मग कायमचं परत यायची वेळ येते आणि इकडच्या मित्रांच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर आवाहन येतं: मांजराला सोबत आणायचंय, जमेल तेवढी मदत करा. खालचा आकडा वाचून बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो. माणसाच्या तिकिटापेक्षा मांजराचं महाग कसं?

हिशेब पाहिला की थक्क व्हायला होतं. विमानातल्या मालाचं भाडं नुसत्या वजनकाट्यावर ठरत नाही. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला सहसा ६००० नं भागायचं. येतील तेवढे किलो धरायचे. हा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असला, तर भाडं त्याचं. आता जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की प्राण्याला पेटीत ताठ उभं राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आलं पाहिजे. त्यासाठी समजा ६० बाय ४० बाय ४० ची पेटी घेतली. गुणाकार ९६,०००, भागिले ६०००, म्हणजे १६. मांजर चार किलोचं, पेटीसकट फार तर सात-आठ किलो. बाकीचं भाडं आपण त्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेचं भरतो. मला तर ही सगळ्या खर्चातली सर्वांत सार्थकी लागलेली रक्कम वाटते.

प्रवासात मांजराला झोपेचं औषध देऊन टाकावं, असं अनेकांना वाटतं. पण ते देणं टाळतात. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं अवघड होतं, आणि आकाशात काही झालं तर जवळ डॉक्टर नसतो. त्याऐवजी पेटीत त्याचीच न धुतलेली चादर घालतात. मांजर गाल घासतं तेव्हा गालांतल्या ग्रंथींचा गंध तिथे ठेवून जातं. आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, पण त्याला तो ओळखीच्या जागेची खूण सांगतो.

प्रवासाच्या कितीतरी आधीचा खर्च म्हणजे चिप. मानेमागे, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. तिच्यात बॅटरी नाही. ती जागा दाखवत नाही, सिग्नल पाठवत नाही, वर्षानुवर्षं गप्प पडून असते. डॉक्टरांनी रीडर जवळ आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे कुपीतल्या सूक्ष्म तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. तेवढ्या उसन्या विजेवर चिप आपला पंधरा आकडी क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. रस्त्यावर जन्मलेल्या, नाव नसलेल्या जिवाला त्या क्षणी जगभर वाचता येणारी ओळख मिळते. क्रमही महत्त्वाचा: आधी चिप, मग रेबीजची लस. उलट केलं, तर लस नेमकी याच मांजराला दिली याचा पुरावा उरत नाही.

लस दिल्या दिल्या निघता येत नाही, किमान महिनाभर थांबावं लागतं. अंगात संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो. शिवाय रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही. चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या आतून तो मेंदूकडे सरकत जातो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोवर प्राणी ठणठणीत दिसतो. म्हणून कागदपत्रांवरच्या तारखा इतक्या काटेकोरपणे तपासतात.

मांजराला एवढी तपासणी कशाला, हा प्रश्न नागपूरकरानं तरी विचारू नये. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि कारण निघालं बर्ड फ्लू, एच५एन१. पाठोपाठ शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तोच विषाणू सापडला. वाघ असो की माऊ, कुळ एकच. विषाणूला त्यांच्यातला फरक कळत नाही. १८९८ च्या पशुधन आयात कायद्यापासून चालत आलेली ही तपासणीची भिंत जुनी असली, तरी तिची गरज संपलेली नाही.

त्या भिंतीला दारं मोजकीच आहेत. पशू संगरोध केंद्राची, म्हणजे क्वारंटाइनची सोय असलेल्या मुंबई, दिल्ली अशा थोड्या विमानतळांवरूनच परदेशी मांजर देशात येऊ शकतं. नागपूरहून आखातातल्या दोह्याला थेट विमान आहे, पण मांजराला तो रस्ता बंद. मुंबईत अधिकारी चिप वाचतात, क्रमांक कागदांशी पडताळतात, मांजराला तपासतात आणि मगच सोडतात.

माणसासाठीही अट आहे. किमान दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाच्या नियमांत दोन पाळीव प्राणी आणता येतात. इतरांना विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपले विद्यार्थी कुत्री-मांजरं छातीशी धरून सीमेकडे चालत निघाले. त्यांच्याकडे ना परवाना होता, ना कागद जमवायला वेळ. सरकारनं त्यांच्यासाठी एकवेळची सवलत दिली आणि विद्यार्थ्यांना परत आणणाऱ्या ऑपरेशन गंगाच्या विमानांतून ते प्राणीही उतरले. नियम कडक असूनही माणुसकीला जागा देऊ शकतात, हे तेव्हा देशानं पाहिलं.

पैसे गोळा करण्याचेही नियम आहेत. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय वर्गणी मागणं गुन्हा आहे. तिथे बसून सोशल मीडियावर आवाहन टाकणं अंगाशी येऊ शकतं. इकडे नागपुरातल्या संस्थेला परदेशी नागरिकाकडून मदत घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी हवी. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम मात्र परकीय देणगीत धरत नाहीत.

एका मांजरासाठी एवढा खटाटोप, असं म्हणणाऱ्यांना मी सायप्रस बेटावरची गोष्ट सांगते. तिथे शिलुरोकाम्बोस नावाच्या जागी सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. २००४ मध्ये ते जगासमोर आलं. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे माणसानं ती होडीत घालून समुद्रापलीकडून आणली असणार. अजून चाकाचा शोधही लागला नव्हता, आणि माणूस मांजराला सोबत घेऊन समुद्र ओलांडत होता! पुढे २००७ मध्ये डीएनए अभ्यासातून निष्कर्ष निघाला की जगातली सगळी पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाच्या फळीवर झोपणारं मांजर आणि दोह्याच्या पार्किंगमधलं मांजर सख्ख्या गोतावळ्यातलीच आहेत.

वाळवंटी पूर्वजांच्या या लेकराला नागपूरचं ऊन सोसेल, पण बंद पेटीत नाही. धावपट्टीवर पारा चढला की बऱ्याच विमान कंपन्या प्राणी नाकारतात, म्हणून मे महिन्यातली तारीख धरू नये. दिवाळीनंतरचे महिने बरे. मुंबईहून पुढचे आठशेवर किलोमीटर रेल्वेनं यायचं, तर प्राणी सोबत ठेवायला पहिल्या वर्गाच्या एसी डब्यात अख्खा कूपे घ्यावा लागतो. नाहीतर समृद्धी महामार्ग आहे. हा टप्पा आवाहनात लिहायचा हमखास राहून जातो आणि मुंबईत पोचल्यावर पैसे कमी पडतात.

तुमच्याकडे असं आवाहन आलं तर द्या, मनापासून द्या. शक्य असेल तर थेट दवाखान्याचं किंवा वाहतूकदाराचं बिल भरा, आणि प्रत्येक कागदावर तोच पंधरा आकडी क्रमांक आहे ना, ते बघा. पैसे उरले तर कुठल्या प्राण्यांवर खर्च होणार, हेही आवाहन करणाऱ्याला आधीच विचारून ठेवा.