घोरणारे मूल आणि अरुंद टाळू

मूल घोरू लागले की ‘किती गाढ झोपलंय!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण रोज रात्री मोठ्याने घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे, मध्येच श्वास अडून दचकणारे मूल गाढ झोपलेले नसते. ते श्वासासाठी झगडत असते. दिवसा ते चिडते, वर्गात त्याचे चित्त लागत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

ही श्वासाची वाट बहुधा वाढलेल्या टॉन्सिल्समुळे आणि नाकामागच्या ॲडिनॉइडमुळे अडते. काही मुलांचा मात्र वरचा जबडाच अरुंद असतो. तोंडाचे छत हीच नाकाची जमीन. ती आकसली की नाकही अरुंद होते. टाळूच्या मधला हाडांचा सांधा वयात येईपर्यंत पक्का झालेला नसतो. म्हणून दाढांना स्क्रूचे साधन बसवून रोज पाव फेरा दिला, की जबडा हळूहळू रुंदावतो. एमर्सन एंजेल यांनी १८६० साली ही युक्ती मांडली, ती दातांना जागा करण्यासाठी.

मग प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला स्क्रू लावावा काय? मुळीच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत टॉन्सिल्स व ॲडिनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची निद्रातपासणी सात महिन्यांनी निर्दोष ठरली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची! तेव्हा आधी नाक-घशाचे तज्ज्ञ आणि रात्रभराची तपासणी. जबडा खरोखर अरुंद असेल, तरच दंतवैद्याचा स्क्रू. आणि त्याआधी, आज रात्री, मुलाच्या उशाशी थोडा वेळ कान देऊन बसावे.