फ्रान्चेस्को रोझी : साक्ष आणि चौकशी

अन्यायाचे चित्रण करणारे कलावंत पुष्कळ आहेत. परंतु हा अन्याय कोणाच्या हिताचा, असे विचारणारे थोडे. इटलीचा दिग्दर्शक व पटकथाकार फ्रान्चेस्को रोझी (१९२२–२०१५) हा या थोड्यांपैकी एक होय.

रोझी नेपल्सचा. व्हिस्कोन्तीच्या ‘ला तेर्रा त्रेमा’ (१९४८) या चित्रपटावर त्याने साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. त्यात सिसिलीतील आची त्रेझ्झा गावचे कोळी स्वतःच्याच बोलीत बोलतात. ती शोषितांची साक्ष होती. रोझीने पुढे तिला सत्तेच्या चौकशीची जोड दिली.

१ मे १९४७ रोजी सिसिलीत पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथे कामगार दिनासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर जुलियानो या दरोडेखोराच्या टोळीने गोळीबार केला. ११ माणसे ठार झाली. १९५० मध्ये जुलियानोही मारला गेला. रोझीचा ‘साल्वातोरे जुलियानो’ (१९६२) सुरू होतो तो त्याच्या प्रेतापासून. जिवंतपणीचा त्याचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही, कारण रोझीला दरोडेखोराचा नायक करायचा नाही. पोलीस, माफिया आणि राजकारणी यांचे लागेबांधे त्याला उघडे करायचे आहेत. गोळ्या कोणी झाडल्या ते कळते. हुकूम कोणाचा, ते कळत नाही. खटल्यातही ते उघड झाले नव्हते. खोटे उत्तर देऊन रोझी प्रेक्षकाचे समाधान करीत नाही.

‘शहरावरचे हात’ (१९६३) या चित्रपटात नेपल्सच्या गरीब वस्तीतील इमारत कोसळते. बिल्डर स्वतःच नगरसेवक. चौकशी समिती बसते. कागदपत्रे सगळी नियमाप्रमाणे निघतात. बिल्डर पक्ष बदलतो आणि बांधकाम खात्याचाच प्रमुख होतो. कायदा न मोडताही माणसे कशी मारता येतात, हे रोझी येथे दाखवतो. या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला.

कार्लो लेवीच्या पुस्तकावर त्याने ‘ख्रिस्त एबोलीला थांबला’ (१९७९) हा चित्रपट केला. दक्षिणेतील त्या शेतकऱ्यांच्या बोलीत ‘ख्रिस्ती’ म्हणजे माणूस. ख्रिस्त अलीकडेच थांबला, याचा अर्थ आम्ही माणसांत गणलेच गेलो नाही.

मात्र येथे शेतकरी दिसतात ते हद्दपार झालेल्या एका शिक्षित डॉक्टरच्या नजरेतून. ‘शहरावरचे हात’मध्येही सभागृहात वस्तीच्या वतीने बोलतो तो पक्षाचा माणूस, वस्ती गर्दीच राहते. ही रोझीची मर्यादा नोंदवलीच पाहिजे. वेदनेची साक्ष चौकशीवाचून करुणेपाशी थांबते. आणि चौकशी कितीही निर्भय असली तरी साक्षीदाराची जागा तिला घेता येत नाही.