बंड्याची गाडी



आमच्या बंड्याला तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. गणपतीत मोदकांच्या ताटाकडे टक लावून बसलेला तांबूस लॅब्रेडॉर, तोच तो. २०२४च्या जानेवारीत त्याला अकरावं लागलं आणि मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात असल्याचं कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थोडं चालू दे, पोहू दे, पण एका दमात अर्ध्या मैलाच्या वर नको. पंचाईत अशी, की त्याची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे रेडमंडचं मेरीमूर पार्क, आमच्या घरापासून अडीच मैलांवर. कुत्र्यांना मोकळं सोडायला तिथे सुमारे ४० एकर जागा आहे आणि सॅमामिश नदीत उतरायला घाटासारखे उतार आहेत.

मोटारीने न्या की, असं तुम्ही म्हणाल. शनिवार-रविवार नेतोच. पण रोज संध्याकाळी नदीकाठच्या ट्रेलवरून जायचं ही त्याची दहा वर्षांची सवय! आम्ही सायकली काढल्या की तो दाराशी येऊन उभा राहायचा आणि आम्ही त्याला घरात ठेवून निघायचो. ते काही बघवेना. म्हणून सायकलमागे जोडायचा ट्रेलर घेतला. मुलांसाठी मिळतो तसाच, फक्त आतला तळ सपाट असतो. (मुलांचा जुना ट्रेलर मिळाला तरी चालतो, पण त्यातली कापडी झोळीसारखी सीट काढून खाली घट्ट फळी टाकावी लागते. झोळीवर कुत्र्याला उभं राहता येत नाही.)

आता आमची चूक सांगतो, कारण हा लेख लिहायचं खरं कारण तेच. खोकं उघडलं, गॅरेजमध्ये ट्रेलर जोडला आणि त्याच संध्याकाळी चीजचा तुकडा दाखवून बंड्याला मागच्या दारातून आत बोलावलं. दोघंही इंजिनियर, पण साधी तरफ लक्षात आली नाही! ट्रेलर सायकलला लावलेला नव्हता. बंड्याचे पुढचे दोन पाय ॲक्सलच्या मागे पडले, मागची बाजू धाडकन जमिनीवर आपटली, पुढचा दांडा वर उडाला आणि बंड्या थेट जेवणाच्या टेबलाखाली. पुढचे तीन आठवडे त्याने गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही. वर चीज दिसलं तरी मागे सरायला लागला. लॅब्रेडॉर आणि चीजला नाही म्हणतोय, म्हणजे प्रकरण किती चिघळलं होतं ते ओळखा.

त्याच सुमारास आई-बाबा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले. बाबांनी आयुष्यात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "अरे, कुत्र्याला गाडी? आणि ओढणार कोण, तुम्ही?" असो. बाबांकडे परत येऊ.

चीजचं काय चुकलं, तेही समजून घेण्यासारखं आहे. पाव्हलॉव्ह आणि त्याच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. त्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी खूण, मग खाऊ. ट्रेलर दिसला की खाऊ मिळतो, असा क्रम असेल तर ट्रेलर हळूहळू आवडू लागतो. आम्ही उलटं केलं. चीज दिसलं की काहीतरी भयंकर होतं, हे आम्हीच त्याला शिकवलं. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, तशातली गत.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती आमच्या धंद्यातला नियम लावून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बिघडलं तर निमूटपणे आधीच्या आवृत्तीवर जायचं.

पहिल्या आठवड्यात ट्रेलर दिवाणखान्यात आणला. चाकं काढली, वरचं कापड काढलं, खाली टॉवेल खोचून डुगडुग बंद केली. बंड्या खोलीच्या ज्या कोपऱ्यात निवांत बसेल तिथेच त्याला खाऊ द्यायचा. त्याने ट्रेलरकडे पाहिलं की खाऊ, बस्स. पुढे बोलवायचं नाही. रोज दोनदा, प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं. शुक्रवारी तो स्वतःहून आला आणि काठाला नाक लावून गेला.

त्याच वेळी दुसऱ्या खोलीत दुसरा पाठ चालू होता. आईने सांगलीहून आणलेली जुनी गोधडी जमिनीवर अंथरायची, बंड्या तिच्यावर आडवा झाला की पुढच्या दोन पायांच्या मध्ये हळूच खाऊ ठेवायचा. वरून दिला की तो उठून बसतो, खाली ठेवला की पडून राहतो. हे काम बाबांनी घेतलं. सकाळी चहा आणि मोबाइलवरचा पेपर चालू असताना, एक नजर बंड्यावर. दहा दिवसांत गोधडी म्हणजे पडायची जागा, हे पक्कं झालं. मग तीच गोधडी ट्रेलरमध्ये गेली, आणि अर्ध्याहून जास्त काम तिनेच केलं.

आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही त्याच्या मर्जीवर, दार कधी लावायचं नाही. "एकदा कोंबून बसवा, होईल सवय" हा सल्ला आम्हाला चार जणांनी दिला. उंटावरचे शहाणे सगळीकडे असतात! कोंबलेला कुत्रा काही वेळाने गप्प होतो हे खरं, पण गप्प म्हणजे शांत नव्हे. भीतीने थिजलेलं कुत्रं ताठ बसतं, खाऊ घेत नाही किंवा हिसकून घेतं, ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभया देतं, मान न वळवता डोळ्यांचे पांढरे कोपरे दाखवत बघतं. शांत कुत्रं एका कुल्ल्यावर रेलून बसतं, कान सैल सोडतं, खाऊ सावकाश घेतं. आम्ही ट्रेलर हलवण्याआधी दर वेळी हे बघायचो. यातलं एक जरी नको ते लक्षण दिसलं, तर त्या दिवशी पुढे जायचं नाही.

मग एकेक भर. चाकं लावली, पण चाकांना ठोकळे आणि पुढचा दांडा एकाने घट्ट धरलेला. चेनचा खर्रर्र आवाज आधी लांबून, मग जवळून. हार्नेसला आतला पट्टा अडकवणं. हा पट्टा हार्नेसलाच लावा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नको. ट्रेलर कलंडला तर मानेला फास बसेल. लांबी अशी ठेवा की वळता-झोपता येईल, पण काठावरून उडी मारता येणार नाही. मग हाताने एक फूट ढकलणं, थांबणं, खाऊ. एक फुटावरून खोलीच्या टोकापर्यंत जायला आठवडा लागला. पुढे ड्राइव्हवेवर, मग सायकलला जोडून, पण सायकल हातात धरून चालत. एक जण पुढे, बाबा ट्रेलरच्या बाजूने, "बस रे बंड्या, बस" म्हणत.

मे महिन्यात कचऱ्याचा ट्रक अगदी शेजारून गेला आणि बंड्या उभा राहून थरथरायला लागला. दोन पायऱ्या मागे गेलो, दिवाणखान्यात. वाईट वाटलं, पण या वेळी चारच दिवसांत गाडी रुळावर आली.

दरम्यान आमचंही शिक्षण चालू होतं, आणि त्यासाठी बंड्याला वेठीला धरायची गरज नव्हती. इंडियन स्टोअरमधली २० पौंडी तांदळाची पोती तीन घेतली, म्हणजे साधारण बंड्याएवढंच वजन, आणि रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या मारल्या. शिकलो ते असं. ब्रेक आधीपेक्षा बराच लवकर लावावा लागतो, कारण मागचं वजन ढकलत राहतं. वळताना ट्रेलरचं आतलं चाक सायकलपेक्षा आतून जातं, म्हणून कोपरा मोठा घ्यायचा, नाहीतर चाक फुटपाथवर चढून ट्रेलर कलंडतो. वजन ॲक्सलच्या किंचित पुढे हवं, म्हणजे शेपूट हालल्यासारखा ट्रेलर डुलत नाही. टायरमध्ये हवा दिलेल्या मर्यादेतच, पण कमीकडे ठेवली की दणके कमी बसतात, आणि दुखऱ्या खुब्यांना त्याने फार फरक पडतो. आपली सायकल ट्रेलर ओढायला चालते का, हे तिच्या पुस्तिकेत बघून घ्या. काही कार्बन फ्रेमच्या सायकलींना निर्माते साफ मनाई करतात. दांड्याबरोबर येणारा सुरक्षेचा पट्टा फ्रेमला गुंडाळायचा आळस करू नका, आणि उंच झेंडा लावाच, मोटारवाल्यांना ट्रेलर दिसत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कॉटनवुडचा कापूस हवेत उडत असताना, नदीकाठच्या ट्रेलवर पहिली खरी फेरी झाली. पाव मैल जाऊन परत. ट्रेल सपाट आणि डांबरी आहे, वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, आम्ही ७-८ च्या वर गेलो नाही. पुढच्या आठवड्यात मेरीमूरला पोचलो. बंड्या नदीत वीस मिनिटं पोहला, चिखलासकट गोधडीवर येऊन पडला आणि परतीच्या वाटेवर चक्क घोरला.

उन्हाळ्यात एक पथ्य. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि बंद ट्रेलरमध्ये हवा खेळत नाही. शिवाय पळणारे आपण असल्याने आपल्याला वारा लागतो, त्याला नाही. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी आठच्या आत जातो, जाळी उघडी ठेवतो, पाणी बरोबर घेतो आणि दर दहा मिनिटांनी थांबून मागे बघतो.

एका मित्राच्या कुत्रीला तीन महिने प्रयत्न करूनही हे जमलं नाही, त्यांनी शहाणपणाने ट्रेलर विकून टाकला. आमचा मात्र चालू आहे. कोणाला बघायचा असेल, जोडून पाहायचा असेल, तर मंडळाच्या पुढच्या सहलीला घेऊन येऊ. बाबा ऑगस्टमध्ये सांगलीला परत गेले. रविवारी फोन केला की आमची चौकशी दुसऱ्या नंबरावर असते, पहिला प्रश्न गोधडी धुतली का हा.