शर्यतीची कादंबरी आणि तिची जुजबंदी

मराठी अद्भुत कादंबरीविषयी लिहिताना समीक्षक कथानकाकडे आणि लेखकाकडे पाहतात. मात्र वाचनालयातून शेकडो हातांत गेलेली प्रत पुन्हा वाचण्याजोगी करणाऱ्या बाइंडरकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबईतल्या करी रोड स्थानकाच्या आसपास या कामाला वेगळे महत्त्व आहे, कारण स्थानकाजवळच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावातील कामगारांसाठी रात्रशाळांबरोबर वाचनालयेही चालवली, आणि अशा वाचनालयातले पुस्तक एका वाचकापाशी फार दिवस राहत नाही.

युद्धाचे सावट असताना ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचेच, या एका अटीवर शर्यतीची कादंबरी उभी असते. ज्यूल व्हर्नच्या १८७६ सालच्या ‘मिखाएल स्ट्रोगॉफ’मध्ये तातारांचे बंड पेटले असताना झारचा निरोप्या मॉस्कोहून इर्कुत्स्ककडे निघतो. मराठीत नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) याच धाकधुकीवर वाचक बांधून ठेवते. सिंहगडावरून पडून कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या माणसाने ती लिहिली, हे तिचा वेग पाहता सहज खरे वाटत नाही. असे पुस्तक वाचक शांतपणे मांडीवर ठेवून वाचत नाही. एका हाताने गाडीचा दांडा धरून दुसऱ्या हाताने पाठ उलटी मोडून वाचतो, आणि त्याची शिक्षा शिलाईला होते.

बाइंडर आधी पुस्तक उकलतो. एक मोठा कागद तीनदा दुमडून होणाऱ्या सोळा पानांच्या घडीला ‘जुज’ म्हणतात, आणि या घड्या एकमेकींना दोऱ्याने शिवण्याला ‘जुजबंदी’. जुना पुठ्ठा काढून पाठीवरची वाळलेली खळ ओलसर करून खरवडली, की जुजे सुटी होतात, आणि झीज सर्वत्र सारखी नाही हे दिसते: पहिले आणि शेवटचे जुज सर्वांत आधी फाटते, पण पाठलागाच्या प्रकरणांजवळची घडीही मधोमध चिरलेली असते. चिरलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावून ती वाळू देतात. ही पट्टी जाड झाली तर पाठ फुगते, म्हणून इथे घाई चालत नाही.

त्यानंतर क्रम लावायचा असतो. जुन्या छपाईत जुजाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. तो न पाहता जुजे रचली, तर नायक निघण्याआधीच मुक्कामी पोहोचतो, आणि अशा कादंबरीत तो घोटाळा अक्षम्य ठरतो. मग पाठीवर करवतीने खाचा पाडून त्यांत दोऱ्या बसवतात, घडीच्या आतून सुई काढत प्रत्येक जुज त्या दोऱ्यांना शिवतात, पाठीला खळ देऊन पुस्तक शिकंज्यात, म्हणजे दाबयंत्रात, आवळतात. खळीत थोडा मोरचूद घालण्याची पद्धत कसरीला दूर ठेवण्यासाठी आहे. कडा कापताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो, कारण दर बाइंडिंगला समास कमी होतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाते थेट मजकुरात शिरते.

अलीकडच्या बहुतेक कादंबऱ्या गरम गोंदाने चिकटवलेल्या असतात. त्यात घडीची पाठच कापून टाकलेली असल्याने शिवायला जुज उरत नाही. पाने सुटली की कडेने टोचून टाके घालावे लागतात, आणि मग पुस्तक पुरते उघडतच नाही, आतल्या बाजूचे शब्द वाचण्यासाठी वाचक ते आणखी जोराने दाबतो. कमी खर्चाचा हा मार्ग प्रकाशकाला परवडतो, वाचनालयाला नाही. जुजबंदी महाग पडते हे खरे, पण तीच प्रत पुन्हा विकत घेण्याचा खर्च त्या हिशोबात सहसा धरलेला नसतो.